पेशींचे प्रकार नेमके किती? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

सिंगल-सेल डेटा पहिल्यांदा हाताळणाऱ्या प्रत्येकावर एक दिवस ही वेळ येते. ट्यूटोरियलमधल्या ओळी चालवल्या, रंगीबेरंगी बेटांचं चित्र समोर आलं, आणि मग तुम्ही रेझोल्यूशन नावाच्या आकड्याशी खेळायला लागलात. ०.४ टाकलं तर पेशींचे ९ गट पडतात, ०.८ टाकलं तर १४, आणि १.५ टाकलं तर २३. डेटा तोच, पेशी त्याच. आणि नेमकं त्याच आठवड्यात गाइड विचारतात, "मग, पेशींचे प्रकार किती निघाले?"

तुम्ही काय सांगाल? मी पहिल्या वेळी "चौदा" असं ठोकून दिलं होतं. का चौदा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चित्र त्या आकड्याला सगळ्यात छान दिसत होतं, एवढंच.

नंतर जुने पेपर वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की ही अडचण काही सॉफ्टवेअरने आणलेली नाही. पेशींचे प्रकार मोजायला लोक बसले त्या दिवसापासून ती सोबत आहे. त्यामुळे आज कोड बाजूला ठेवू आणि थोडा इतिहास बघू. नेट-गेटच्या अभ्यासात हे सगळे तुकडे सुटे सुटे येतात. कोणता तुकडा कशाला उत्तर म्हणून आला, ते मात्र कुठे सांगत नाहीत.

सुरुवात रक्तापासून करू. इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल ही नावं तुम्ही अकरावीपासून पाठ केली असतील. पण त्या नावांत पेशीबद्दल काहीच नाही, हे कधी जाणवलंय? ती नावं रंगांवरून पडलेली आहेत. पॉल एर्लिखने १८७८ मध्ये ऊतींना रंग देण्याच्या शास्त्रावर प्रबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी रक्तातल्या एका पेशीचं वर्णन केलं. तिच्यातले कण इओसिन या आम्लधर्मी रंगाला धरून बसत होते. म्हणून ती इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची आवड असलेली. आम्लारिधर्मी रंग घेणारी ती बेसोफिल. ना धड हा, ना धड तो, ती न्यूट्रोफिल. ही पेशी शरीरात काय करते हे कळायच्या कितीतरी आधी तिचा 'प्रकार' ठरून गेला होता, आणि तो ठरवला होता जर्मनीतल्या रंगांच्या कारखान्यांनी बनवलेल्या बाटल्यांनी.

गंमत अशी की ते वर्गीकरण टिकलं. पुढे कळलं की या तिन्ही पेशींची कामंही खरोखर वेगळी आहेत. पण सगळीकडे असं नशीब साथ देत नाही. लिम्फोसाइट घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच, मोठं गोल केंद्रक आणि भोवती जेमतेम पेशीद्रव्य. बी आणि टी असे त्यांचे दोन अगदी वेगळे वंश आहेत हे रंगांच्या बाटलीला कधीच सांगता आलं नसतं. समोरची पेशी बी की टी हे सहज ओळखायला पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं ओळखणारी प्रतिपिंडं लागली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिजमध्ये मोनोक्लोनल प्रतिपिंडं बनवायची पद्धत शोधली. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापली प्रतिपिंडं बनवून त्यांना आपापली नावं दिली आणि एवढा गोंधळ झाला की १९८२ मध्ये पॅरिसला एक कार्यशाळा घेऊन क्रमांक वाटावे लागले. सीडी४, सीडी८ वगैरे नावं त्या क्रमवारीतली.

म्हणजे साधन बदललं की प्रकारांची संख्याही बदलते. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

दुसरीकडे मेंदूवाले लोक आकारावरून प्रकार ठरवत होते. कामिलो गॉल्जीने १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून एक काळी अभिक्रिया शोधली. तिची खुबी अशी की ती सगळ्या पेशींना रंगवत नाही. मोजक्याच पेशी रंगतात, पण रंगतात त्या फांद्यांच्या टोकापर्यंत. सांतियागो रामोन इ काहालने ही तंत्रं १८८७ मध्ये पाहिली आणि उरलेलं आयुष्य तो त्यांच्यामागे लागला. १८९३ मध्ये त्याने रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, एक मोठा ग्रंथ छापला. त्यातली चित्रं आजही रेटिनावरच्या भाषणांत दाखवतात. प्रकाश टिपणाऱ्या रॉड आणि कोन, त्यांच्याकडून संदेश घेणाऱ्या बायपोलर, आडव्या पसरलेल्या हॉरिझॉन्टल, अमॅक्राइन, आणि मेंदूकडे तार पाठवणाऱ्या गँग्लियन पेशी. प्रत्येकीचे पुन्हा उपप्रकार, कोणाच्या फांद्या कोणत्या थरात थांबतात त्यावरून. रेटिना लक्षात ठेवा. १२२ वर्षांनी आपण तिथेच परत येणार आहोत.

आता जनुकांकडे. तत्त्व सगळ्यांना माहीत आहे : शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो, फरक असतो तो कोणती जनुकं चालू आहेत यात. मग पेशीतला संदेशवाहक आरएनए मोजला, तर ती पेशी कोण हे तिच्याच तोंडून कळायला हवं. अडचण मोजणीची होती. एका वेळी एक-दोन जनुकं मोजता येत. १९९५ मध्ये स्टॅनफर्डला पॅट ब्राउन यांच्या गटाने काचपट्टीवर जनुकांचे ठिपके छापून अनेक जनुकं एकदम मोजली. पहिल्या पेपरात ती होती फक्त ४५, तीही अरॅबिडॉप्सिस या रोपट्याची. चार वर्षांत हा आकडा हजारांत गेला.

आणि इथे माझा आवडता पेपर येतो. १९९९ मध्ये सायन्समध्ये टॉड गोलब, एरिक लँडर आणि सहकाऱ्यांनी छापलेला. तुम्ही क्लस्टरिंग करणार असाल तर हा पेपर मुळातून वाचाच. आजच्या चार-पाच पेपरांपेक्षा जास्त शिकवतो.

प्रश्न असा होता. तीव्र रक्ताचा कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचा, एएलएल आणि एएमएल. दोघांची औषधं वेगळी. चुकीचा प्रकार धरला तर रुग्णाला चुकीचे उपचार मिळतात. तेव्हा कोणतीही एक चाचणी हा फरक खात्रीने सांगत नव्हती. पेशींचं रूप, रंगचाचण्या, प्रतिपिंडं, गुणसूत्रं असं सगळं समोर मांडून अनुभवी डॉक्टर निर्णय घेत. गोलब यांनी ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेचे नमुने घेतले, २७ एएलएल आणि ११ एएमएल, आणि ६,८१७ जनुकं मोजली. त्यांतली ५० जनुकं निवडून त्यांनी एक भाकीतपद्धत बनवली आणि ३४ नव्या नमुन्यांवर लावली. त्यातल्या २९ बाबत तिने ठाम उत्तर दिलं आणि ती सगळी बरोबर निघाली. उरलेल्या ५ बाबत ती चक्क "सांगता येत नाही" म्हणाली. मला हे पाच फार आवडतात. आपली किती सॉफ्टवेअरं "माहीत नाही" म्हणतात?

पण आपल्या कामाचा भाग पुढे आहे. त्यांनी असं विचारलं, समजा एएलएल आणि एएमएल हा फरक कोणालाच माहीत नसता, तर नुसत्या आकड्यांवरून तो सापडला असता का? त्यांनी नावं झाकून नमुन्यांचे दोन गट पाडायला सांगितले. एका गटात २५ नमुने आले, त्यातले २४ एएलएल. दुसऱ्यात १३, त्यातले १० एएमएल. वाईट नाही. मग चार गट पाडायला सांगितले. आता एएमएलचा एक गट झाला, टी-पेशींच्या एएलएलचा एक, आणि बी-पेशींच्या एएलएलचे दोन.

म्हणजे दोन मागितले तर दोन मिळाले, चार मागितले तर चार. रेझोल्यूशनचा आकडा फिरवताना तुम्ही करता तेच. मग खरे किती? इथे त्यांनी जे केलं ते बघा. प्रत्येक गट खरा आहे असं धरून त्याची भाकीतपद्धत बनवली आणि ती नव्या नमुन्यांवर तपासली. गट खरा असेल तर नवे नमुनेही ठामपणे या बाजूला किंवा त्या बाजूला पडतील. नुसता योगायोग असेल तर भाकीत डळमळेल. एएमएल, टी आणि बी हे वेगळेपण या चाचणीत टिकलं. बी-पेशींचे ते दोन गट मात्र एकमेकांपासून नीट सुटेनात, म्हणून त्यांना एकत्र करणंच योग्य ठरलं. संगणकाने दिलेला गट त्यांनी उत्तर म्हणून घेतलाच नाही. तो त्यांच्यासाठी एक दावा होता.

त्याच पेपरात एका रुग्णाची हकिगत आहे. लक्षणं सगळी रक्ताच्या कर्करोगाची, निदान एएमएलकडे झुकलेलं, पण पेशींचं रूप जरा विचित्र. जनुकांच्या मोजणीत तो नमुना ना एएमएलसारखा वाटला ना एएलएलसारखा. जास्त चालू असलेली जनुकं पाहिली तर ती स्नायूंची निघाली. गुणसूत्रं तपासल्यावर कळलं की तो रक्ताचा कर्करोग नव्हताच. तो होता रॅब्डोमायोसार्कोमा, स्नायूजन्य कर्करोग, अस्थिमज्जेत पसरलेला. उपचार बदलले गेले. जनुकांच्या यादीने इशारा दिला आणि खात्री गुणसूत्रांनी केली, हा क्रम तेवढा नजरेत ठेवा.

अर्थात या सगळ्या पद्धतींत एक मोठी गोची होती. नमुना म्हणजे लाखो पेशींची एकत्र सरासरी. लग्नाच्या पंगतीतल्या सगळ्यांच्या वयाची सरासरी ३५ आली म्हणून तिथे ३५ वर्षांचं कोणी बसलं होतं असं नाही, नुसते आजी-आजोबा आणि नातवंडंही असू शकतात. एकेक पेशी वेगळी मोजणं भाग होतं. पण एका पेशीत सगळा मिळून आरएनए असतो दहा पिकोग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला संदेशवाहक आरएनए काही टक्केच. २००९ मध्ये केंब्रिजच्या अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत तांग फुचोऊ आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या चार पेशींच्या भ्रूणातली एकच पेशी घेऊन तिचा आरएनए वाढवला आणि वाचला. एका पेशीचा पहिला असा वाचनपट तोच.

मधली पाच-सहा वर्षं पटकन ओलांडू. एका पेशीवरून शंभरावर, शंभरावरून हजारांवर अशी ती वाट आहे. मोठी उडी आली मे २०१५ मध्ये. सेल नियतकालिकाच्या एकाच अंकात हार्वर्डच्या दोन गटांचे पेपर आले, एक ॲलन क्लाइन आणि मार्क कर्शनर यांचा, दुसरा इव्हान मकॉस्को आणि स्टीव्हन मॅककॅरल यांचा. दुसऱ्या पद्धतीचं नाव ड्रॉप-सीक. तेलात पाण्याचे इवलेसे थेंब बनवायचे, प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक मणी येईल असं पाहायचं. प्रत्येक मण्यावर त्याचा स्वतःचा डीएनए-शिक्का. पेशी थेंबात फुटते, तिचा आरएनए मण्याला चिकटतो, आणि पुढे सगळं एकत्र वाचलं तरी कोणता आरएनए कोणत्या थेंबातला हे शिक्क्यावरून कळतं. शिक्का बारा अक्षरांचा, दर वेळी चारांपैकी एक अक्षर, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त वेगवेगळे शिक्के शक्य.

एका थेंबात चुकून दोन पेशी आल्या तर? तर तुम्हाला एक असा 'नवा प्रकार' सापडेल जो अस्तित्वातच नाही, अर्धा हा आणि अर्धा तो. त्यांनी माणसाच्या आणि उंदराच्या पेशी मुद्दाम मिसळून यंत्रात सोडल्या. दोन्ही प्राण्यांची जनुकं एकाच शिक्क्याखाली दिसली की ती जोडपेशी. साधी, स्वस्त आणि प्रामाणिक चाचणी. आजही नवीन पद्धत आली की आधी हेच करून दाखवतात.

आता सांगा, पहिली मोठी परीक्षा कोणत्या ऊतीवर घेतली असेल? रेटिनावर! कारण तिथे काहालपासूनची उत्तरपत्रिका तयार होती. १४ दिवसांच्या उंदराच्या रेटिनातल्या ४४,८०८ पेशींतून ३९ गट निघाले. काहालने चित्रांत दाखवलेले सगळे मोठे वर्ग त्यात होते, एकट्या अमॅक्राइन पेशींचेच २१ गट पडले. पण जवळपास दोन तृतीयांश पेशी एकट्या रॉडच होत्या, त्यामुळे दुर्मीळ पेशी गर्दीत हरवल्या. शिवाय प्रत्येक पेशीतला आरएनए जेमतेम दहा-बारा टक्के हाती लागत होता. शून्य दिसलं म्हणजे जनुक बंद, असं म्हणता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी कार्तिक शेखर, जोशुआ सेन्स, अविव रेगेव्ह आणि सहकाऱ्यांनी फक्त बायपोलर पेशींवर लक्ष दिलं. या पेशी हिरव्या चमकतील अशी उंदरांची जात वापरून त्या वेचून काढल्या, सुमारे २५,०००. गट पाडायला त्यांनी लूव्हँ नावाची पद्धत वापरली, तीच जी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक असेल, किंवा तिची धाकटी बहीण लायडन तरी. या लूव्हँचा जीवशास्त्राशी काही संबंध नव्हता बरं का. २००८ च्या मूळ पेपरात ती बेल्जियममधल्या मोबाइल ग्राहकांच्या जाळ्यावर चालवली होती, कोण कोणाला फोन करतं त्यावरून गट पाडायला. फ्रेंच बोलणारे आणि डच बोलणारे असे समूह तिने वेगळे काढले होते. फोनची जागा आता जनुकांच्या साम्याने घेतली, एवढंच.

बायपोलर पेशींचे १५ प्रकार निघाले. आधी माहीत असलेले सगळे, आणि दोन नवे. इथपर्यंत कोणीही आलं असतं. खरं काम त्यापुढे सुरू झालं. प्रत्येक गटाला वेगळं दाखवणारी जनुकं घेऊन ते परत ऊतीत गेले. पातळ कापांवर त्या जनुकांचा आरएनए चमकवला, त्याच पेशींचा आकारही दिसेल अशी सोय केली, आणि जनुकांचा गट आणि काहालच्या पद्धतीचा आकार यांची जोडी एकेक करून लावत गेले.

दोन नव्यांपैकी एकीला त्यांनी १बी म्हटलं. जनुकं सांगत होती की ही बायपोलर आहे, १ए या प्रकाराची सख्खी बहीण. आकार सांगत होता की ही बायपोलर असूच शकत नाही. बायपोलर म्हणजे दोन टोकांची, आणि हिला वरचं टोकच नव्हतं. बसायची जागाही भलतीच, अमॅक्राइन पेशींच्या रांगेत. आता कोणावर विश्वास ठेवायचा? त्यांनी ही पेशी पिल्लांच्या वाढीच्या काळात पाहिली. लहानपणी तिला दोन्ही टोकं असतात. पुढे काही दिवसांत ती वरचा हात आखडून घेते. म्हणजे जनुकांनी तिचा वंश बरोबर सांगितला होता, आणि प्रौढ रेटिना पाहणाऱ्यांची दिशाभूल होणं अगदी स्वाभाविक होतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटालाही वेगळ्या वाटेने हीच पेशी सापडली, हे आणखी एक बळ.

या गोष्टीमुळे हुरळून जाऊ नका मात्र. मी हुरळले होते. माझ्या डेटात एक सुंदर, सुटा, दाट गट मिळाला. त्यात फॉस, जून, ईजीआर१ ही जनुकं जोरात चालू होती. तीन आठवडे मी त्याला नाव शोधत होते, विभागाच्या पोस्टरवर त्याला वेगळा केशरी रंगही दिला होता. पोस्टरसमोर उभ्या एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, ऊती किती वेळ एन्झाइममध्ये ठेवली होती?" ("ताई" हे उपरोधाने होतं, ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी.) ४५ मिनिटं, ३७ अंशांवर. ती काही न बोलता हसली आणि संध्याकाळी मला एक पेपर पाठवला.

तो २०१७ चा होता, नेदरलँड्समधल्या अलेक्झांडर फान आउडेनार्डन यांच्या गटाचा. उंदराच्या स्नायूतल्या मूळपेशींमध्ये त्यांना असाच एक उपगट दिसला होता, फॉस आणि जून चालू असलेला. तपासल्यावर कळलं की ती जनुकं ऊती सुटी करण्याच्या प्रक्रियेतच चालू होतात. पेशी त्या वेळी जिवंतच असतात. त्यांना ओढलं, कापलं, गरम एन्झाइममध्ये घोळवलं की त्या घाबरल्यासारख्या प्रतिसाद देतात, आणि ही जनुकं काही मिनिटांत जागी होतात. आपण तो प्रतिसाद मोजतो आणि त्याला प्रकार म्हणतो. एर्लिखच्या बाटलीतल्या रंगासारखंच हे, फक्त या वेळी रंग आपण नकळत ओतलेला असतो. ऊती न सोडवता थेट गोठवून मी केंद्रकं वाचली, तेव्हा केशरी गट नाहीसा झाला.

मग 'प्रकार किती' या प्रश्नाचं आजचं उत्तर काय? डिसेंबर २०२३ मध्ये उंदराच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा छापून आला. सुमारे ४० लाख पेशींचा डेटा. त्यांनी एक आकडा दिलाच नाही, चार दिले : ३४ वर्ग, ३३८ उपवर्ग, १,२०१ महाप्रकार आणि ५,३२२ क्लस्टर. शिवाय पेशी मेंदूत कुठे बसतात हे कापांवर मोजून ताडलं. वरच्या दोन पायऱ्यांवर बोट ठेवून कोणीही खात्रीने बोलेल. सगळ्यात खालच्या ५,३२२ मध्ये किती कायमचे प्रकार आहेत आणि किती पेशींच्या त्या क्षणीच्या अवस्था, यावर वाद चालू आहे, आणि तो कितीही पेशी वाढवल्या तरी नुसत्या वाचनाने मिटेल असं मला वाटत नाही.

गाइडसोबतच्या पुढच्या बैठकीत मी एक तक्ता नेला. पहिल्या रकान्यात गट, दुसऱ्यात तो आकडे बदलले तरी टिकतो का, तिसऱ्यात दुसऱ्या प्राण्याच्या नमुन्यात सापडतो का, चौथ्यात ऊतीत डोळ्यांनी पाहिलाय का. सध्या त्यात ९ नावं आहेत आणि ३ गटांपुढे नुसते क्रमांक. त्या तिघांसाठी प्रोब मागवले आहेत. यायला सहा आठवडे लागतील म्हणतात.